ठाण्याच्या उकाड्यातली भाजी

एप्रिलमध्ये रोपवाटिकेतून आणलेलं टोमॅटोचं रोप ठाण्याच्या बाल्कनीत सहसा मरत नाही. ते चांगलं वाढतं, त्याला पिवळ्या फुलांचे झुपके येतात आणि मग ती फुलं देठातूनच एकेक करून गळतात. घरात उपाय सुरू होतात. पाणी वाढवलं जातं, शेणखत घातलं जातं, कोणी अंड्याची टरफलं कुटून घालतं, कोणी आंबट ताक. झाड आणखी हिरवं होतं, टोमॅटो मात्र लागत नाही.

अशा झाडाला खतापाण्याची कसलीच कमतरता नसते. त्याला हवी असते थंड रात्र, आणि मे महिन्यात ती कोपरीपासून कासारवडवलीपर्यंत किंवा ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कुठल्याच घरात मिळत नाही. उष्णता झाडाला नेमकी कुठे आणि कधी लागते हे एकदा कळलं, की कोणत्या महिन्यात काय लावायचं, कुंडी कुठे ठेवायची आणि त्या भाजीचं काय करायचं हे बरंचसं त्यातूनच ठरत जातं. म्हणून सुरुवात उष्णतेपासून करू.

रात्रीचा हिशोब

झाड दिवसा उजेडात साखर तयार करतं. त्यातली काही वाढीला वापरतं आणि काही नुसतं जगण्यासाठी जाळतं. साखर बनते फक्त दिवसा, जळते चोवीस तास. हवा जितकी गरम तितकी ती जास्त जळते; तापमान दहा अंशांनी चढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात ठाण्यात दुपारी ३४-३५ अंश असतात आणि पहाटेसुद्धा २६-२७. नाशिक किंवा जुन्नरकडे दुपार आपल्यापेक्षा कडक असते, पण पहाटे पारा २२-२३ पर्यंत उतरतो आणि झाडाला उसंत मिळते. ऐन उन्हाळ्यात जुन्नरजवळच्या नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजारात येतो, त्यात या पहाटेच्या गारव्याचा मोठा वाटा आहे.

टोमॅटोचं फूल याबाबतीत फार नाजूक असतं. रात्री पारा २१-२२ अंशांच्या खाली येईनासा झाला किंवा दिवसा ३४-३५ च्या पुढे जाऊ लागला, की परागकण नीट तयार होत नाहीत, आणि झाले तरी रुजत नाहीत. दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि फुलातून झडतही नाहीत. फळ धरलं नाही की झाड ते फूल टाकून देतं. ढोबळी मिरचीचंही असंच होतं. अशा वेळी खत घालून काही साधत नाही. नत्र जास्त झालं तर पानांचा पसारा तेवढा वाढतो.

दमटपणाचा आणखी एक त्रास आहे. झाड पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर सोडतं आणि त्यामुळे पान थंड राहतं, जसं घाम वाळला की आपलं अंग निवतं. नागपूरला ४२ अंशांतही घाम वाळतो. ठाण्यात ३४ अंशांत तो नुसता निथळत राहतो, कारण हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. पानाचीही तीच गत होते. वाफ निघता निघत नाही, पान तापतं आणि माती ओली असतानाही दुपारी झाड मान टाकतं.

हे पाहून लगेच पाणी ओतू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. आत ओल असेल तर थांबा. ऊन उतरलं की झाड आपोआप उभं राहतं. संध्याकाळी सात वाजताही पानं लोंबतच असतील, तर माती खरोखर कोरडी आहे किंवा मुळं कुजू लागली आहेत. आपल्याकडे कुंडीतली जेवढी झाडं तहानेनं जातात, त्याहून जास्त अति पाण्यानं जातात असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्यानं गच्च भरलेल्या मातीत हवेला जागा उरत नाही. मुळांनाही श्वास घ्यायचा असतो, आणि गरम मातीत त्यांची प्राणवायूची गरज वाढलेली असते.

मुळांची काहिली

जमिनीतल्या झाडाची मुळं खोल, गार मातीत शिरतात. कुंडीतल्या मुळांना तशी पळवाट नसते. पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली माती हवेपेक्षा दहा-दहा अंशांनी जास्त तापू शकते, आणि माती ४० अंशांच्या पुढे गेली की बहुतेक भाज्यांच्या मुळांना इजा व्हायला लागते. पानं पिवळी पडतात, करपतात, आणि आपण रोग शोधत बसतो.

यावरचे उपाय स्वस्तातले आहेत. काळ्या कुंडीला बाहेरून पांढरा रंग द्या किंवा तिच्याभोवती गोणपाट गुंडाळा. मातीवर वाळलेला पालापाचोळा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन इंच जाडीनं पसरा. लहान कुंड्या मोठ्या कुंड्यांच्या आडोशाला, एकमेकींना खेटून ठेवा. तापलेल्या लादीवर थेट न ठेवता विटांवर ठेवा. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपतं आणि वाळताना ती थंड होते. दमट हवेत हा फायदा थोडा कमी मिळतो, तरी प्लॅस्टिकपेक्षा ती केव्हाही बरी. फक्त वजनाचं भान हवं: बारा इंची कुंडी ओली झाली की वीस किलोच्या घरात जाते. ग्रिलवर अशा कुंड्यांची रांग मांडण्याआधी ग्रिल भिंतीत कसं बसवलंय ते नीट बघून घ्या. लाल मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेलं पालापाचोळ्याचं खत मिसळलं तर वजन बरंच उतरतं. असं मिश्रण ओल धरतं आणि मोकळंही राहतं.

दोन जागा कायम टाळाव्यात. पहिली, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोरची. तिथला गरम झोत कोवळी पानं काही तासांत वाळवतो. दुसरी, दुपारभर तापलेल्या सिमेंटच्या भिंतीला चिकटून. ती भिंत साठवलेली उष्णता रात्री सोडत राहते, आणि झाडाला ज्या रात्रीच्या गारव्याची सर्वांत जास्त गरज असते तोच हिरावून घेते.

बाल्कनीचं तोंड कुठे आहे?

फ्लॅटमध्ये भाजी लावणाऱ्यानं बियाणं आणण्याआधी हा प्रश्न सोडवावा. ठाणे साधारण १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेच्या बाजूलाच राहतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत या काळात थेट ऊन जवळपास पडतच नाही. डिसेंबरात हेच चित्र पालटतं. दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि ऊन बाल्कनीत पार आतपर्यंत येतं. थोडक्यात, दक्षिणेची बाल्कनी उन्हाळ्यात सावलीची आणि हिवाळ्यात उन्हाची. टोमॅटो, कोथिंबीर, मेथी यांच्यासाठी ठाण्यात याहून चांगली जागा नाही. ती ज्यांना मिळाली आहे त्यांनी ती कपडे वाळत घालण्यात घालवू नये!

पूर्वेची बाल्कनी बारमाही चालते. सकाळचं चार तासांचं ऊन पालेभाज्यांना पुरतं, मिरचीला कसंबसं पुरतं. पश्चिमेची सगळ्यांत कठीण, कारण तिथे ऊन नेमकं हवा सर्वांत तापलेली असताना येतं. तिथे मार्च ते मेमध्ये हिरवी जाळी बांधावी लागते, निम्मं ऊन अडवणारी. उत्तरेच्या बाल्कनीत फळभाज्यांचा हट्ट धरू नये. तिथे अळू, पुदिना, आलं, हळद आणि पानओवा सुखानं राहतात. समोर चाळीस मजली टॉवर उभा राहिला असेल तर दिशेचा हिशोब बदलतो, हे घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. अशा वेळी एक सुट्टीचा दिवस घरी बसून, दर तासाला ऊन कुठवर येतं ते खडूनं आखून ठेवा.

उन्हात खुलणाऱ्या भाज्या

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर बनवण्याचं काम पानातलं रुबिस्को नावाचं एन्झाइम सुरू करतं. त्याची एक खोड आहे: उष्णता वाढली की ते कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन पकडू लागतं, आणि मग झाडाला बनवलेल्या साखरेतली बरीचशी हा घोळ निस्तरण्यात खर्च करावी लागते. मेथी, कोथिंबीर, कोबी, टोमॅटो अशा बहुतेक भाज्या याच्या कचाट्यात सापडतात. काही वनस्पतींनी मात्र यावर तोड काढली. त्या कार्बन डायऑक्साइड आधी पानातल्या एका थरात पकडून ठेवतात आणि आतल्या पेशींमध्ये तो दाटीनं सोडतात, म्हणजे रुबिस्कोला चूक करायला वावच राहत नाही. यांना सी-फोर वनस्पती म्हणतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी या त्यातल्याच. आपल्या कुंडीत येऊ शकतील अशा म्हणजे माठ, राजगिरा, घोळ आणि गवती चहा.

ठाण्यात उन्हाळ्यात एकच भाजी लावायची असेल तर लाल माठ लावा. बी खसखशीएवढं बारीक असतं. ते चमचाभर कोरड्या मातीत मिसळून पसरट ट्रेमध्ये भुरभुरायचं आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यायचा. तीन-चार आठवड्यांत वीतभर वाढतं. मुळापासून न उपटता चार बोटं ठेवून कापलं की पुन्हा फुटतं. शिजवताना पाणी घालू नये. लसूण आणि मिरचीच्या फोडणीवर चिरलेली भाजी टाकायची, ती स्वतःच्याच पाण्यात शिजते, वरून ओलं खोबरं. जून झालेले देठ टाकू नका. साल सोलून, बोटभर तुकडे करून तुरीच्या वरणात सोडले की छान लागतात.

घोळ तर बऱ्याच कुंड्यांत न लावता उगवते आणि तण म्हणून उपटली जाते. तिच्याकडे माठाच्याही पुढची एक युक्ती आहे. पाण्याची ओढ बसली की ती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते, रात्री उघडते आणि रात्री पकडलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. सफरचंदाच्या आंबटपणातही हेच आम्ल असतं. दिवसभरात ते वापरलं जातं. त्यामुळे दोन-तीन दिवस पाणी न दिलेली घोळ सकाळी खुडली तर स्पष्ट आंबट लागते, आणि संध्याकाळी तीच बरीच सौम्य. डाळीत घालायची असेल तर सकाळी खुडा, चिंच कमी लागेल. पीठ पेरून सुकी भाजी करायची असेल तर संध्याकाळची घ्या. कुंडीपासून कढईपर्यंत दहा पावलं असलेल्या माणसालाच असं निवडता येतं.

मायाळू, भेंडी, गवार, चवळी, वांगं आणि कढीपत्ता यांच्याकडे सी-फोरची सोय नाही, पण त्या मुळातच उष्ण प्रदेशांत वाढलेल्या आहेत. मायाळूचा वेल ग्रिलवर चढतो आणि मे महिन्यात जेव्हा पालक आणि मेथी रुसलेल्या असतात, तेव्हा रोज मूठभर पानं देतो. पानांत थोडी बुळबुळ असते, ती आमसूल टाकून केलेल्या मुगाच्या वरणात जाणवत नाही. बेसनात बुडवून भजीही करता येतात. भेंडीचं बी रुजायला २५ ते ३५ अंश तापलेली माती आवडते. दीड महिन्यात फूल येतं, ते एकच दिवस उमलतं आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायची असते. आठवडाभर राहिली की दोरे धरते, आणि झाड नवी फुलं द्यायलाही आखडतं. पानं हळदीसारखी पिवळी पडण्याचा रोग पांढऱ्या माशीतून पसरतो, म्हणून परभणी क्रांतीसारखं रोगाला दाद न देणारं वाण शोधून लावावं.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगते. चार कुंड्यांतून भेंडी निघते ती एका वेळी सहा-सात. त्यांची परतून भाजी चौघांना पुरणार नाही. म्हणून कुंडीतल्या भाजीला थोडक्यात भागणारे पदार्थ लागतात: ताकातली भेंडी, मूठभर पाल्याचं आळण, थालीपिठात चिरलेला माठ, चार मिरच्यांचा ठेचा. भेंडी आधी तेलावर कोरडीच परतून घेतली आणि मग ताकात सोडली की तार सुटत नाही. ताकाच्या आंबटपणानं चिकटपणा मोडतो.

कोथिंबीर आणि मेथीवाचून उन्हाळ्यात ज्यांचं अडतं त्यांनी त्या पूर्ण वाढू द्यायच्या भानगडीत पडू नये. उष्णतेत या झाडांना घाई होते, पाल्याआधीच तुरा येतो आणि पानं बारीक, उग्र होतात. त्याआधीच, बोटभर उंचीवर कापायच्या. मुंबईच्या बाजारात रेतीत वाढवलेल्या समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात, ती पद्धत आपल्या बाल्कनीला फार योग्य आहे. रुंद, उथळ ट्रे घ्या, माती आणि रेती निम्मी-निम्मी, मेथीदाणे दाटीवाटीनं पेरा, सावलीत ठेवा, आणि दोन-अडीच आठवड्यांत मुळासकट काढा. धण्यांसाठी आणखी एक काळजी: धणा हळूच रगडून दोन फाकी करा, कारण त्या एका दाण्यात दोन बिया असतात.

वास कुठे साठतो

सुगंधी पाल्यांचा वास पानातल्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये साठलेल्या तेलांचा असतो. चांगलं ऊन आणि बेताचं पाणी मिळालेल्या झाडाच्या पानांना वास जास्त असतो. सावलीत आणि पाण्यात लाडावलेलं झाड मोठ्या, फिक्या पानांचं होतं. दुपारच्या उष्णतेत यातली काही तेलं उडून जातात, त्यामुळे खुडायची वेळ सकाळची, दंव सुकल्यावरची.

स्वयंपाकातही हाच हिशोब चालतो. कोथिंबीर आणि पुदिन्याची तेलं चटकन उडणारी असतात, म्हणून ती गॅस बंद केल्यावर घालायची. कढीपत्त्याचा वास तेलात उतरतो आणि टिकतो, म्हणून त्याला फोडणीचा मान आहे. पानओव्यात ओव्यासारखीच उग्र तेलं असतात आणि ती तळणीतही तग धरतात. पावसाळी संध्याकाळी त्या जाड, लवदार पानांची भजी करून बघा. पानओव्याला पाणी कमी द्या. गवती चहाचं पान कापून उकळत्या पाण्यात टाका, झाकण ठेवा आणि आच बंद करा. फार वेळ खळखळवला की लिंबाचा वास घरभर पसरतो आणि कपात राहत नाही.

ऋषीची भाजी हे पावसाळ्याचं पेरणीपत्रक

ठाण्यात वर्षभरात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. या दिवसांत उन्हाची जागा ढग घेतात, पाणी मातीतलं नत्र धुऊन नेतं, पानांवर बुरशी येते. काय लावावं हे शोधायला मला ऋषिपंचमीच्या भाजीइतका चांगला आधार दुसरा सापडलेला नाही. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने परसात लावलेलंच खायचं, असा हा रिवाज. त्या भाजीत काय पडतं? अळू, लाल माठाचे देठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, हिरवी मिरची, आंबटाला चिंच किंवा अंबाडे. घरोघरी दोन-चार जिन्नस बदलतात. पण ही यादी म्हणजे कोकणच्या पावसात नांगराशिवाय, घराच्या आजूबाजूला काय पिकतं याची पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली नोंद आहे.

तिथून दिवस मागे मोजायचे. ऋषिपंचमी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत कधीही येते. दोडका आणि पडवळ पेरणीपासून साधारण दोन महिन्यांनी लागतात, म्हणजे जूनचा पहिला-दुसरा आठवडा. भेंडी जूनअखेर. लाल माठ जुलैच्या शेवटी. अळूचे कंद मात्र मे महिन्यातच लावायचे. भोपळा आणि मका बाजारातून आणा. भोपळ्याचा वेल बाल्कनीत मावत नाही, आणि दोन-तीन ताटांवर मक्याचं कणीस नीट भरत नाही.

वेलांबाबत उंच इमारतींत वेगळी अडचण असते. नर आणि मादी फुलं वेगवेगळी, आणि पंधराव्या मजल्यावर मधमाश्या क्वचितच पोहोचतात. मादी फुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढं फळ आधीच दिसतं, त्यावरून ते ओळखावं. नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादी फुलात हलकेच टेकवायचे. वेळ चुकवू नका: कारल्याची आणि काकडीची फुलं सकाळी लवकर उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. ऑफिसातून उशिरा येणाऱ्यांनी कारलं लावावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तारा’ हे कारल्याचं वाण आपल्याच हवेसाठी तयार केलेलं आहे.

अळू पाण्यात पाय बुडवून राहणारं झाड आहे, पूर्वी ते न्हाणीच्या पाण्यावर वाढायचं. वडीसाठी काळपट देठाचं, फदफद्यासाठी हिरव्या देठाचं. घसा खाजतो तो पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. या सुया घशात टोचतात आणि त्यांच्यासोबत असलेली प्रथिनं आग वाढवतात. म्हणून अळू अर्धंकच्चं कधीच ठेवू नये. भरपूर शिजवावं, आणि चिंच, आमसूल किंवा आंबट चुका सोबत हवाच. ऋषीच्या भाजीतही अळू, सुरण आणि चिंच आधी शिजत घालायचे, मग मका आणि भोपळा, मग दोडका-पडवळ, आणि भेंडी सर्वांत शेवटी.

हळदीचे गड्डेही अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावले की श्रावण-भाद्रपदात पातोळ्यांना पुरतील एवढी पानं मिळतात. अर्धी सावली तिला चालते.

पावसात एवढंच सांभाळा: दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत, कुंडीचं तळाचं भोक मोकळं, आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या पुसलेल्या. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. मावा आणि पिठ्या ढेकूण दिसले तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, नाहीच हटले तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, ऊन उतरल्यावर.

टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं या रानभाज्या कुंडीत लावू नयेत, त्या जांभळी नाक्याच्या बाजारात येऊर, शहापूर, मुरबाडकडून येणाऱ्या बायकांकडून घ्याव्यात. कोणतं शेवळं कसं साफ करायचं आणि त्यासोबत काकडं ही आंबट रानफळं का घालायची, हे त्या दोन वाक्यांत सांगतात.

भोगीची भाजी हे थंडीचं

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी बहुधा १३ जानेवारीला असते. तिच्या भाजीत वांगं, गाजर, घेवडा किंवा वालपापडी, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे आणि वर तिळाचं कूट. ही यादी थंड रात्रींची आहे, आणि हिच्यासाठी पावसात कामाला लागावं लागतं. वांग्याचं बी ऑगस्टअखेर रुजत घालून रोपं सप्टेंबरच्या शेवटी मोठ्या कुंडीत हलवावीत. वालाच्या जुन्या गावठी जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जुलैत लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, शेंगा दिवाळीनंतरच. त्यामुळे वेल नुसताच वाढतोय म्हणून तो कापून टाकू नका. गाजराला फूटभर खोल, दगडविरहित, रेताड माती आणि ८०-९० दिवस लागतात. हरभरा तर घरातलाच पेरा, गावठी. महिन्या-सव्वा महिन्यात कोवळे शेंडे खुडायला येतात. त्यांच्यावर धरणारी आंब बोटांना लागते, आणि त्या पाल्याची ताकातली भाजी वेगळ्या आंबटाशिवायच चवदार होते.

आणि टोमॅटो याच हंगामातला. बी सप्टेंबरच्या मध्यावर, पावसाच्या झडीपासून दूर, छताखाली रुजवायचं. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, तेव्हा रोप कुंडीत हलवल्यावर पंधरा दिवस जाळीखाली ठेवायचं. नोव्हेंबरअखेर फुलं येतात तोवर रात्री पारा २० च्या आसपास उतरू लागलेला असतो. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या झुपक्याला टिचकी मारली की पराग झडून फळ धरायला मदत होते. लहान, चेरी जातीचे टोमॅटो आपल्या हवेत अधिक भरवशाचे. जानेवारी-फेब्रुवारीत भरपूर मिळतात. पिकलेले सार करायला, कच्चे हिरवे शेंगदाण्याचं कूट घालून चटणीला.

मार्चच्या मध्यापासून फुलं पुन्हा गळू लागतील. तेव्हा झाड वाचवायच्या नादी लागू नका. ते बुंध्याशी कापा, मुळं मातीतच कुजू द्या, वर दोन मुठी खत पसरा आणि त्याच कुंडीत चवळीचे सहा-सात दाणे पेरा. चवळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात, त्यामुळे टोमॅटोनं खाऊन टाकलेल्या मातीतही ती चांगली येते. एप्रिलअखेरीस तिचा कोवळा पाला खुडून लसणावर परतता येतो, आणि मेमध्ये शेंगा.